गाळाला मुदत कोण देणार?

मोरा बंदरात मोठ्या ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याची लाँच थांबते. गाळ उपसतात, तो परत येतो. बंदरांच्या अशाच दुखण्यांचा अभ्यास खडकवासल्याचं, १९१६ साली स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र करतं. अडचण ज्ञानाची नाहीच; अडचण बैठकीची आहे.

कोणत्याही बैठकीत शास्त्रज्ञ सांगतो, "आडोशाला पाणी संथ होतं, बारीक गाळ खाली बसतो. उपसला तरी पुन्हा बसेल. किती, ते पावसाळ्यावर आणि प्रवाहावर ठरेल." व्यवस्थापक वहीत लिहितो : 'याला नक्की माहीत नाही.' मग विचारतो, "पण मार्चअखेर विषय संपेल ना?" शास्त्रज्ञ उत्तरादाखल चाळीस पानी परिशिष्ट पुढे सरकवतो. व्यवस्थापक त्यातला एक आलेख उचलतो, त्रुटीची पट्टी पुसतो आणि खाली लिहितो : 'काम प्रगतिपथावर'. दोघेही समाधानाने चहा पितात.

कोळ्यांचा हिशेब मात्र सुटसुटीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, नेमकी चाकरमानी परततात तेव्हा. उत्तर अंदाजे, पण कामाचं.

शास्त्रज्ञाने आधी उत्तर द्यावं, मग कारणं. व्यवस्थापकाने गाळाला प्रकल्प न मानता दरवर्षीचा खर्च मानावं. तोवर प्रवाशांनो, तिथी बघूनच घराबाहेर पडा.