मातीचं शहर, भाड्याची फळी

पेरूतल्या त्रुहियोजवळचं चान चान ही चिमू राजांची मातीची राजधानी. 1986 साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं. सत्कार आणि अतिदक्षता विभाग, एकदमच!

परदेशी विद्यार्थ्यांची सहल सकाळी इथे. भिंतींवर मासे, समुद्रपक्षी, जाळ्यांची नक्षी; मंडळींचं सगळं लक्ष मात्र सेल्फीच्या कोनावर.

दुपारी वान्चाकोचा किनारा. वेटसूट चढवून, भाड्याची फळी काखेत मारून सर्फिंग शिकायचं, म्हणजे मुख्यतः खारं पाणी प्यायचं. तेवढ्यात शेजारून कोळी तोतोरा लव्हाळ्याच्या होडीवर गुडघे टेकून, मासळीसकट लाटेवरून थेट वाळूत. ना प्रशिक्षक, ना प्रमाणपत्र.

होडी पाणी शोषून काही आठवड्यांत जड होते. मग तो नवी बांधतो.