पंचेचाळिशीचा उतारा

ऑस्ट्रेलियाच्या शहाणपणाला आमच्या निरवांगी गावाने कोपरापासून हात जोडावेत. तिथल्या गुणांवरच्या व्हिसाला पंचविशी ते बत्तिशीला ३० गुण, चाळिशी ओलांडली की १५, आणि ४५ भरली की दार बंद. म्हणजे वालचंदनगरात वीस वर्षं वेल्डिंग केलेल्याचं कसब वाढदिवसाच्या रात्री बाराला आपोआप उतरतं. बाजारात बैलाचे दात मोजणारा निदान त्याला चालवून तरी बघतो. कॅनडा त्याहून दयाळू: वयाचे गुण शून्य, अर्ज मात्र खुशाल करा!

आमची अडचण वेगळी. निम्म्या गावाचा जन्म गुरुजींनी अंदाजाने १ जूनला लावलेला. त्यामुळे दर १ जूनला अख्खी तुकडी एकदम अकुशल होते. आई शपथेवर सांगते, पोरगं लवकर शाळेत जावं म्हणून वय दोन वर्षं वाढवलं होतं. गुरुजी आता हयात नाहीत.