बावन्न दरवाजे, एक खिडकी

आमच्या शहराला बावन्न दरवाजे होते, असं सांगतात. पैकी भडकल, मकई, पैठण, दिल्ली, रोशन असे काही अजून उभे आहेत, काहींच्या कमानीखालून रिक्षा जातात, आणि एकाचं नाव तर चक्क कटकट गेट आहे. आप्पांचं बालपण त्याच बाजूला गेलं. यावर मी काही बोलत नाही.

दरवाज्यांचं एवढं कौतुक झालं, खिडकीची मात्र कुणी विचारपूस केली नाही. ती कसर आप्पा एकटे भरून काढत आहेत. खिडकी एकच आहे, त्यांच्या हॉलची. तिला पडदा लावायचा आहे. या कामाला गेल्या पाडव्याला दोन वर्षं झाली.

आप्पा वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत होते. क्वालिटी म्हणजे दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, उजेडात धरायची आणि परत करायची. तिथे भोकं तपासायला एक दांडा असतो, त्याची दोन टोकं. ‘गो’ हे टोक भोकात गेलं पाहिजे, ‘नो-गो’ हे जाता कामा नये. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी आप्पांना असा एक जुना गेज लाकडी ठोकळ्यावर बसवून भेट दिला. तो त्यांच्या टीव्हीशेजारी आहे. त्याचं नो-गो टोक झिजून गुळगुळीत झालंय, गो मात्र अजून नव्यासारखं आहे. “मग तुम्ही आप्पांकडून पास कशा झालात?” असं मी एकदा काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, “मला कुठं तपासलं? मीच यांना पास केलं. तेव्हा घाई होती.”

सिडकोतल्या रो-हाउसमध्ये होते तोवर हा प्रश्न नव्हता. तिथल्या खिडक्या हात-दीड हाताच्या, त्यांतून शेजाऱ्याची भिंत दिसायची, आणि भिंतीला कुणी पडदा लावत नाही. मग बीड बायपासला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हॉलला आठ बाय पाचची सरकत्या काचांची खिडकी, तोंड पश्चिमेला. विकणाऱ्याने ‘सनसेट व्ह्यू’ म्हणून तिचे वेगळे पैसे लावले होते. मराठवाड्यात सनसेट दुपारी एकला सुरू होतो, हे एप्रिलमध्ये कळलं. त्या पहिल्याच संध्याकाळी काकूंनी दोन खिळे ठोकले, नायलॉनची दोरी ताणली आणि तिच्यावर सोलापुरी चादर टाकली. “तात्पुरती,” आप्पा म्हणाले.

तात्पुरती चादर वर गेली आणि आप्पांनी मोजमापाला हात घातला. मी सहज गेलो तर स्टुलावर उभे.

“आप्पा, काय करू राहिले?”

“मोजू राहिलोय. धर ती टेप. खिडकी कधी एका जागी मोजायची नाही. वर, मध्ये, खाली. तीन ठिकाणी मोजायचं आणि चौकटीच्या आत बसवायचं असेल तर सगळ्यात लहान माप धरायचं.”

हे खरंच आहे, आणि फिटिंगवाली पोरंही हेच सांगतात. पण ती पोरं माप लिहून घेऊन निघून जातात. आप्पांना वर २४४१, मध्ये २४३६ आणि खाली २४३० मिलिमीटर मिळाले. अकरा मिलिमीटरचा फरक! चौथ्या मजल्यावरून त्यांनी सगळ्या बायपासकडे असं बघितलं, जणू ही अख्खी वसाहत रिजेक्ट आहे.

मग ऊन मोजणं सुरू झालं. आत आलेल्या उन्हाची कड फरशीवर कुठे पडते, याच्या खुणा ते दर रविवारी चार वाजता पेन्सिलीने करत. डिसेंबरात सूर्य नैऋत्येला मावळतो, जूनमध्ये वायव्येला सरकतो. त्यामुळे वर्षभरात ती कड सोफ्यापासून निघून देवघराच्या दारापर्यंत जाऊन आली. काकू फरशी पुसताना खुणा वळसा घालून पुसायच्या. रांगोळी समजून सुनेने एकदा त्या मोडल्या, तर आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

एवढी तयारी करून गेलेल्या माणसापुढे जालना रोडवरच्या शोरूममधला विशीतला मुलगा काय टिकणार? तो म्हणाला, “रोलर घ्या सर, नाहीतर झेब्रा. झेब्रा सध्या लई चालू आहे.” झेब्र्यात कापडाचे दोन थर असतात, एक पट्टा जाळीचा, एक भरीव. थर एकमेकांवरून सरकवले की जाळीवर जाळी येऊन उजेड होतो, जाळीवर भरीव पट्टा आला की अंधार. आप्पांनी साखळी सतरा वेळा ओढली.

“बंद केल्यावर कडा जुळत नाहीत. दोन-अडीच मिलिमीटरची फट राहते.”

“सर, घरी कोण बघतंय?”

“मी.”

मुलाने मग जाळीदार सनस्क्रीनचं पुस्तक काढलं. यातल्या कापडाला टक्के असतात: एक, तीन, पाच. विणीत किती जागा मोकळी आहे याचे. टक्का कमी तितकं ऊन कमी आणि बाहेरचं दृश्यही कमी. आप्पांना चार टक्के हवं होतं. चार टक्के नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. उभ्या पट्ट्यांचं व्हर्टिकल पाहिलं की त्यांना आपण एखाद्या सरकारी कचेरीत पुढच्या तारखेची वाट बघत बसलोय असं वाटे. आडव्या लाकडी पट्ट्यांचं व्हेनेशियन त्यांना जवळजवळ आवडलं होतं; ते काकूंनी पाडलं. “बायपासची धूळ. चाळीस फळ्या. रोज पुसणार कोण?” चौकशी तीनच वाक्यांची झाली. ब्लॅकआउटचा तर त्यांना रागच आला. भर दुपारी खोलीत अंधार करायचा आणि मग ट्यूबलाइट लावायची, म्हणजे सूर्याचं फुकटचं घ्यायचं नाही आणि वीज कंपनीचं विकतचं घ्यायचं!

बोलता बोलता त्या मुलाच्या तोंडून एक चूक झाली. “तुमच्या किचनची खिडकी उत्तरेला आहे ना सर, तिला काही नको. उत्तरेकडून ऊन येतच नाही.” आप्पा काही बोलले नाहीत. मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास त्यांनी त्या मुलाला ‘माप घ्यायला’ म्हणून बोलावलं आणि थेट गच्चीवर नेलं. सव्वाबारा आणि साडेबाराच्या मध्ये, त्या उन्हात, त्यांनी एक पाइपचा तुकडा फरशीवर उभा केला. पाइपची सावली हळूहळू पायाशी आली आणि नाहीशी झाली. आपलं शहर कर्कवृत्ताच्या खाली, वीस अंशांच्या जरा अलीकडे. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैच्या उत्तरार्धात. मधले दोन महिने तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. “म्हणजे?” आप्पांनी विचारलं. मुलगा घाम पुसत म्हणाला, “म्हणजे सर, किचनलाही एक लागेल.” विक्रीचं शिक्षण त्याला पक्कं मिळालेलं होतं. आप्पांनी त्याला सरबत पाजलं आणि ऑर्डर न देता परत पाठवलं.

कापडाच्या बाजूनेही प्रयत्न झाले. गुलमंडी झाली, औरंगपुरा झाला, सिटी चौक झाला. एकदा डोक्यात हिमरू आलं. आपल्या गावचं विणकाम, सूत आणि रेशीम, मग खिडकीला परकं कापड कशाला? जुन्या शहरातल्या हिमरूवाल्या चाचांनी थान उलगडलं आणि ‘खिडकी’ हा शब्द ऐकताच परत गुंडाळलं. “काका, ये शाल का कपडा है, शेरवानी का है. इसकू धूप नक्को दिखाओ. रेशम है, जल जाता.” पडदा नाकारला गेला याचं दुःख आप्पांना नव्हतंच, एक सच्चा क्वालिटीवाला भेटला म्हणून ते तासभर बसले. चहा आला. बोलण्यात मलिक अंबर आला, त्याने १६१० मध्ये जिथे राजधानी बसवली ते खडकी गाव आलं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव ‘खिरकी’ असं सापडतं. चाचांनी बिलाच्या पाठीवर उर्दूत एक शब्द लिहिला. “ये पढो तो खडकी है, और ऐसा पढो तो खिडकी. लिखने में एकीच है. जेर-जबर कौन लगाता?”

घरी येईपर्यंत आप्पा रिक्षात गप्प होते. जिन्यात म्हणाले, “आधी खिडकी होती. दरवाजे मागून आले.” खडकाळ जमिनीवरून खडकी, हे त्यांनाही ठाऊक आहे, पण तो कागद त्यांनी गेजच्या ठोकळ्याखाली जपून ठेवला आहे.

त्यानंतरचा रविवार बीबी का मकबऱ्यात गेला. सगळे लोक बाहेरून फोटो काढत होते, आप्पा आत संगमरवरी जाळीपाशी उकिडवे. दिलरस बानू बेगमच्या कबरीभोवतीच्या या अष्टकोनी जाळीतून उजेड येतो, पण कुठेही टोचत नाही. “हे बघ. साखळी नाही, दोरी नाही, झटकायचं काम नाही. साडेतीनशे वर्षं चालू आहे.” दारावर अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे एक वास्तुकार आणि एक इंजिनियर. आप्पांना हंसपत राय जवळचे वाटले. पण खरे ते विरघळले खर्चाच्या आकड्यापाशी. जुन्या नोंदीत मकबऱ्याचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा दिलेला आहे. “सात आणे! मकबऱ्याचा हिशेब सात आण्यांपर्यंत. आणि हा पोरगा मला कोटेशन देतो, ‘बारा हजारच्या आसपास’.”

सगळ्यात शहाणी सूचना खरं तर आप्पांचीच होती. काचेतून ऊन आत आलं की आलं, मग आतून पडदा ओढणं म्हणजे पाहुणा दिवाणखान्यात बसल्यावर फाटकाला कडी घालणं. ऊन अडवायचं तर बाहेर अडवावं. बांबूचा चिक बाहेरून सोडायचा ठरला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी इमारतीचं तोंड बिघडतं म्हणून नाही म्हटलं. मग वाळ्याचा पडदा निघाला: पाणी शिंपडलं की गारवा आणि वास. काकूंनी कॅलेंडर दाखवलं. त्यावर नळाला पाणी आलेल्या दिवसांना गोल होते, आणि महिन्यात गोल फार नव्हते. “माणसांना पुरत नाही आणि पडद्याला पाजायचं?” खिडकीच्या अर्ध्या भागात कूलर बसवलेला होताच, तोही कोरडा घरघरत होता.

नमुने मात्र साठत गेले. चार बाय चारचे, सहा बाय सहाचे, प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टीवर तारीख आणि शेरा. काकूंनी एका पावसाळ्यात त्यांची वाकळ शिवली. आप्पांनी तिच्या चारही कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला, एक कोपरा बाहेर होता, तरी ते तिच्यावर झोपतात. चादर दोरीवरच आहे. उन्हाने तिच्यावरचे मोर आधी फिके पडले, मग गेले. आता नीट पाहिलं तर फक्त पिसाऱ्यांची जागा दिसते.

यंदा दिवाळीच्या आधी पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणला गेला. माघापर्यंत चार स्लॅब पडले. होळीच्या सुमाराला आप्पांच्या फरशीवरची उन्हाची कड सोफ्याच्या पायाशी थांबली आणि मग आलीच नाही. मला वाटलं, सुटले. समाचाराला गेल्यासारखा गेलो. आप्पा टेबलावर नवं पुस्तक उघडून बसले होते.

“ऊन नाही आता, आप्पा.”

“ऊन नाही. समोरचे दिसतात.” ते चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. “सगळी गणितं बदलली. आता प्रश्न प्रायव्हसीचा आहे. दिवसा त्यांनी दिसू नये, आपल्याला दिसावं. रात्री आपले दिवे लागले की ते उलटं होतं. टक्के परत काढावे लागतील.”

मी चादर बाजूला केली. समोर चौथ्या मजल्यावर, रंगाच्या वासातल्या त्या नव्या फ्लॅटच्या खिडकीत, बनियन घातलेला एक गृहस्थ स्टुलावर उभा होता. त्याच्या हातात टेप होती. त्याने चौकटीच्या मधोमध एक माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि तो खाली उतरू लागला.

आप्पा ताडकन उठले. त्यांनी काच सरकवली, अर्धे बाहेर वाकले आणि दोन इमारतींच्या मधल्या पोकळीत ओरडले,

“अहो! वर आणि खाली पण घ्या! तीन ठिकाणी!”