धर्मादाय धावपटू

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की नाशिकच्या गंगापूर रोडवर धर्मादाय धावपटू दिसू लागतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून किंवा सातपूरच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला. फ्लॅटचे हप्ते फिटलेले, रक्तातली साखर काठावर, मुलगा अमेरिकेत. पायांत पोपटी बूट आणि मनगटावर घड्याळ. हे घड्याळ नाडी सांगतं, झोप सांगतं, पावलं मोजतं. किती वाजले हे मात्र काका दुसऱ्यालाच विचारतात.

नाशकात नुसतं धावून कोणी विचारत नाही, ही काकांची खरी अडचण. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणलं. महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली सायकलवर अमेरिका आडवी पार केली. अशा गावात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारणाऱ्याचं कौतुक घरचेही करत नाहीत. वेगाने नाव होणार नसेल, तर हेतूने करावं लागतं.

काकांना तो हेतू शिकागोहून मिळाला. मुलगा तिथल्या मॅरेथॉनमध्ये 'टीम फॉक्स'कडून धावला. मायकेल जे. फॉक्स या नटाला एकोणतिसाव्या वर्षी पार्किन्सन्स असल्याचं कळलं. त्याने २००० साली प्रतिष्ठान काढलं, आणि त्याच्या टीममधले लोक धावून संशोधनासाठी पैसे उभे करतात. फोन ठेवता ठेवता काकांचं ठरलं. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही संस्थेसाठी निधी गोळा करत धावता येतं. काकांनी पार्किन्सन्सच्या एका संस्थेसाठी नाव नोंदवलं आणि सोसायटीत जाहीर केलं, "मुंबई मॅरेथॉन करतोय." कोणती, ते सांगितलं नाही. ती होती ड्रीम रन, जेमतेम सहा किलोमीटरची. बेचाळीस किलोमीटरचा समज लोकांनीच करून घेतला. तो दूर करणं काकांच्या नम्र स्वभावात बसत नव्हतं.

मग सराव सुरू झाला. सोमेश्वरपर्यंत धावत, पुढे मिसळीच्या दुकानापर्यंत त्याहून जोरात. "कार्ब लोडिंग" म्हणत तिसरा पाव मागवायचा आणि तर्रीच्या साक्षीने डोपामिन समजावून सांगायचं. मेंदूतल्या ठरावीक पेशी मरतात, डोपामिन कमी पडतं, मग हात थरथरतात, अंग ताठरतं, हालचाल मंदावते. माहिती अगदी बरोबर असायची. फक्त ऐकणाऱ्याचा पाव गार व्हायचा.

पहाटे पाचला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन सुटायचं. साडूने ५०१ रुपये दिले आणि पावती दोनदा मागितली. विमा एजंटाने हजार दिले आणि काकांनाच पॉलिसी विकली. मेव्हणीने हात जोडलेल्या आठ बाहुल्या पाठवल्या. त्यांचं मूल्य कोणत्या रकान्यात भरावं, हे काकांना आजवर कळलेलं नाही.

तळमजल्यावर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. त्यांना नऊ-दहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. काका त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण पेशंटकडून वर्गणी कशी मागायची!

मास्तर म्हणाले, "पैसे देतो, साहेब. पण आधी माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत चला."

उंबऱ्याशीच मास्तरांचे पाय जमिनीला चिकटले. काकांनी लगबगीने दंड धरून ओढला.

"ओढू नका, पडेन. एक-दोन, एक-दोन म्हणा. संचलनासारखं."

काका म्हणू लागले आणि पाऊल उचललं गेलं. सवयीचं चालणं मेंदू आपोआप चालवतो, त्यातच या आजाराने खोडा पडतो. पण कानावर ठेका पडला किंवा जमिनीवर आडवी रेघ दिसली, तर पुष्कळांना पुढचं पाऊल टाकता येतं. म्हणून मास्तरांनी घरभर खडूने रेघा आखल्या आहेत. "अक्षर मुंगीएवढं झालंय, पण रेघ अजून सरळ येते," असं ते मधूनच ऐकवतात.

वाटेत काकांच्या घड्याळाने दोनदा विचारलं, व्यायाम संपला का? दूध केंद्र येईपर्यंत काकांना घाम फुटला होता. सावकाश चालण्याचा सराव त्यांनी कधी केलाच नव्हता.

परतल्यावर मास्तरांनी पाचशेची नोट काढली. "जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या दुखण्यावर निबंध लिहिला. लेव्होडोपा १९६०च्या दशकात आलं, ते मी आजही घेतो. त्याने दिवस निभतो, आजार थांबत नाही. तो थांबवणारं औषध अजून कोणाकडेच नाही. तेव्हा धावा. फक्त हे पैसे संशोधनाला जाणार की पेशंटच्या व्यायामवर्गाला, ते सांगा."

काकांनी पहिल्यांदाच पत्रक नीट वाचलं. त्यांनी निवडलेली संस्था पेशंटांसाठी वर्ग चालवणारी निघाली. "मग तर आणखी पाचशे घ्या," मास्तर म्हणाले, "संशोधन होईपर्यंत आम्हाला चालत राहायला हवं."

ड्रीम रन पार पडली. पदकासह काढलेला काकांचा फोटो अजून डीपीवर आहे. मात्र हल्ली सकाळी सातला ते तळमजल्यावर "एक-दोन" म्हणतानाही दिसतात, आणि त्याचा फोटो त्यांनी कुठेच टाकलेला नाही. माणूस सुधारतोय.

येत्या थंडीत असे एखादे काका तुमच्याही दारात येतील. हसा, पण रिकाम्या हाताने परत पाठवू नका. पैसे कोणाला आणि कशासाठी जाणार, ते विचारा. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पेशंटांना एकत्र आणून त्यांना हलतं ठेवण्याचं काम या संस्था वर्षानुवर्षं करत आहेत. आणि तुमच्या इमारतीत असे कोणी मास्तर असतील, तर काकांना पावतीपुस्तकासकट आधी त्यांच्याकडे पाठवा.