सरकारी वाढदिवस

दर वर्षी ३१ मेच्या आसपास महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत हार, श्रीफळ आणि शालींचा खप एकदम वाढतो. नियम असा आहे की ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि एक जूनला जन्मलेली माणसं आपल्याकडं अमाप. एखाद्या परक्या संशोधकानं नऊ महिने मागं मोजले तर तो थेट गणपतीपाशी पोचेल आणि भलताच निष्कर्ष काढेल. गणपतीचा यात काही हात नाही. हात आहे तो माझ्या आईचा, आणि तिच्यासारख्या हजारो बाई-गुरुजींचा.

आई १९६६ साली माणदेशातल्या आमच्या गावी प्राथमिक शिक्षिका म्हणून लागली आणि २००४ साली तिथल्याच शाळेतून निवृत्त झाली. मधल्या काळात दोन-तीन वाड्या-वस्त्यांवर बदल्या झाल्या, पण गावानं तिला सोडलं नाही आणि तिनं गावाला. आमच्याकडं साहित्याचा चाहता पाहुणा आला की तिची ओळख ऐकून हटकून ‘बनगरवाडी’चं नाव काढी. आई चहा ठेवता ठेवता म्हणायची, “छानच आहे हो पुस्तक. पण त्या मास्तराला तीन पोरं आणि एक सासू नव्हती.”

जूनमध्ये शाळा उघडली की तिच्या टेबलासमोर रांग लागे. पोरगं पुढं, त्याचा दंड धरलेली माय मागं. नाव, बापाचं नाव, आडनाव, जात इथपर्यंत गाडी सुरळीत चाले. मग जन्मतारीख. १९६९ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला होता, पण कायद्याची बातमी रानातल्या बाळंतिणीपर्यंत पोचायला बराच काळ जायचा होता. म्हणून माहिती अशी मिळे : “भुईकंप झाला तवा ह्यो पोटात हुता बगा. मी पहाटंची उठून अंगणात पळाले.” (कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. आईला पाठ होता.) किंवा, “ही खडीवर झाली. दुष्काळात. मुकादमानं त्या दिवसाची हजेरी मांडली न्हाई.” किंवा, “बेंदराच्या आदल्या दिशी. बैलं धुवाय नेली हुती, घरात गडीमाणूस कुणी नव्हतं.” त्या बायकांना वार आठवे, पाऊस होता की ऊन ते आठवे, सुईण कोण होती, तिला लुगडं दिलं की नुसता खण, हेही आठवे. तारीख तेवढी नसे, आणि सरकारला तेवढीच हवी असे.

सुरुवातीला आईनं जुनी पंचांगं जमवून खऱ्या तारखा शोधण्याचा उद्योग करून पाहिला. भूकंप आणि बेंदूर यांच्या मधलं अंतर मोजत ती रात्री कंदिलापाशी बसे. हेडमास्तरांनी तिला थांबवलं. “बाई, एवढी चौकशी ज्योतिषी पण करत नाही,” म्हणाले आणि त्यांनी खात्यातली जुनी रीत शिकवली. पोराला उजवा हात डोक्यावरून न्यायला सांगायचा. बोटं डाव्या कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं. चालू सालातून सहा वजा करायचे, पुढं एक जून लिहायचं. म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत वय पूर्ण, आणि वरून तपासणीला कुणी आलं तरी बोट ठेवायला जागा नाही. लांब हाताची पोरं त्यामुळं लवकर शिकली आणि आखूड हाताच्यांनी वर्षभर आणखी शेरडं राखली.

यातली खरी गंमत आमच्या घरातच होती. वडील एसटीत कंडक्टर. तिकीट वाचवायला आया पोराला मांडीवर चेपून बसवत आणि ते अजून अंगावर पितंय अशा थाटात वय सांगत. तेच पोर अकरा वाजता आईपुढं उभं राहून सराईतपणे कान पकडी. दोन तासांत पोर दोन-तीन वर्षांनी मोठं होई आणि त्याचे दोन्ही जन्म आमच्या घरच्या माणसांनीच मान्य केलेले असत. रात्री जेवताना दोघं आपापले आकडे पडताळून बघत. वडिलांचं म्हणणं असं की माणूस खरं वय फक्त डॉक्टरला सांगतो. आई म्हणायची, डॉक्टरलाही नाही.

जनरल रजिस्टरात एकदा पडलेली शाई म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिथं खाडाखोड चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून निघतो, आणि दाखल्यावरून नोकरी, लग्न, पेन्शन. त्यामुळं आईनं कानावरून ठरवलेली तारीख माणसाच्या जन्मभर मागं लागे. पोलीसभरतीत वय उलटून गेलेला एखादा तरणा येऊन म्हणे, “बाई, एक वर्ष कमी लिवलं असतं तर तुमच्या हाताला काय झालं असतं?” आणि वीस-पंचवीस वर्षांनी दुसरा कुणी, चांगला पोट सुटलेला, कारकुनी करून निवृत्त झालेला, पेढे घेऊन येई आणि पाया पडता पडता तीच तक्रार ऐकवी. आई दोघांनाही एकच उत्तर देई : “तुझा हात पोचला होता कानाला. मी काय करू?”

आमच्या भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. दुकान कोइमतूरला आणि घर माणदेशात, असा प्रकार. घरी फोन आल्यावर एक जूनला सकाळपासून घंटी वाजू लागे. “बाई, आज माझा सरकारी वाढदिवस. आशीर्वाद द्या.” पलीकडून तमिळमध्ये कुणीतरी भाव विचारत असे, मध्येच याचं माणदेशी. आई आशीर्वाद देई आणि न विसरता विचारी, “बायकोला सही येते का रे?” येत नसेल तर पुढच्या वर्षीपर्यंत मुदत.

एवढ्या लोकांना एकाच दिवशी जन्माला घालणाऱ्या बाईनं स्वतःच्या मुलांच्या बाबतीत मात्र खरी तारीख लिहिली. मी जुलैतला. आईनं रजिस्टरात जुलैच लिहिला आणि कानाला हात सहज पोचत असूनही मला वर्षभर घरी बसवलं. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान असलेला शेजारचा बाळ्या माझ्या पुढच्या वर्गात गेला आणि त्याचा उल्लेख तो अजूनही करतो. “मला माहीत असताना खोटं कसं लिहू?” असं आईचं म्हणणं. माहीत नसताना लिहिलेलं खोटं नसतं, अशी तिची एक सोयीस्कर नीती होती. ती मला अजून पटलेली नाही, पण तिच्यावरच एक अख्खा तालुका साक्षर झाला हेही खरं.

आम्ही भावंडं आता एकत्र जमलो की तिच्या गोष्टी निघतात आणि कुणाचंच कुणाशी जमत नाही. ताई म्हणते ती फार मारायची. धाकटा म्हणतो कधीच नाही. एवढ्यावर मात्र एकमत आहे की घरात “आई” अशी हाक दोनदा मारावी लागे आणि “बाई” म्हटलं की पहिल्याच हाकेला ओ मिळे. जनगणनेच्या साली तर ती आमची कुणाचीच नसे. फेब्रुवारीत घरोघर हिंडून वयं विचारायची आणि बायका उलट तिलाच म्हणायच्या, “आमचं कशाला इचारता? तुमच्याकडंच लिवलेलं असंल की.” असायचंही.

तिची स्वतःची तारीखही एक जूनच. १ जून १९४६. तिच्या गुरुजींनी लिहिलेली. आजी मात्र सांगायची की चावडीवर पहिल्यांदा तिरंगा लागला, पेढे वाटले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही झाली. घरात पुरणाचा घाट होता आणि पुरण तसंच राहिलं. म्हणजे ऑगस्ट १९४७. वडिलांनी तिकिटाच्या हिशेबाच्या सवयीनं एकदा गणित मांडून दाखवलं की गुरुजींच्या एका ओळीपायी पंधरा महिन्यांचा पगार बुडाला. अर्ज कर, भांड, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. आईचं एकच : “गुरुजींच्या अक्षरावर रेघ मारायची नाही.”

आणि ३१ मेला शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत असते. अडतीस वर्षं पोरांत काढलेल्या बाईंचा निरोप समारंभ झाला तेव्हा शाळेत एकही पोर नव्हतं. केंद्रप्रमुख बोलले, आम्ही टाळ्या वाजवल्या, शिपायानं बाकं पुसून ठेवली होती ती तशीच रिकामी राहिली. आईनं आभाराच्या भाषणात तेवढं एकच वाक्य ठसक्यात म्हटलं, की ही तारीख लिहिताना आमच्यापैकी कुणी सुट्टीचा विचार केला नव्हता.

तुमच्या घरातही एखादं एक जूनचं माणूस असेल. त्याची आई, आत्या किंवा मोठी मावशी हयात असेल तर या सुट्टीत तिच्याजवळ बसा आणि तो नेमका कधी झाला ते विचारून घ्या. तारीख मिळणार नाही. पण त्या दिवशी चुलीवर काय होतं ते नक्की कळेल.