हूड कुणाच्या हातून?

मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजलेले. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीला लॅपटॉप जोडून आम्ही नऊजण बसलो होतो. तिकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचा एक. मित्राच्या मुलीला सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, एमपीएच, मिळत होती. नाव पुकारलं गेलं. उच्चार चुकला, पण कळलं. हातावर घडी करून धरलेला हूड तिने मागे उभ्या असलेल्या प्राध्यापिकेकडे दिला, गुडघे जरा वाकवले, आणि ते कापड डोक्यावरून खांद्यांवर उतरलं. सगळं मिळून सात-आठ सेकंद. तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. शेजारचे काका म्हणाले, "छान झालं. पण ही आता पेशंट कधी बघणार?"

काकांचा यात दोष नाही. बीडीएस झालेली मुलगी दवाखाना न टाकता परदेशी जाते, कर्ज काढून दोन वर्षं शिकते आणि परत पेशंट बघतच नाही म्हटल्यावर हा प्रश्न घरोघर येतो. डेंटिस्ट होऊन एमपीएचला गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, तिने तो पन्नासदा ऐकलेला असतो.

त्याचं उत्तर सरळ आहे. ती पेशंट बघणार नाही. तिचं काम नीट झालं तर माणूस पेशंट होणारच नाही. गटाराचं पाणी नळात शिरलं नाही म्हणून ज्याला कावीळ झाली नाही, तो कधी कुणाकडे पेढे घेऊन जात नाही. कारण आपल्याला काही होणार होतं, हेच त्याला ठाऊक नसतं. चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेला तरुण माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. जागतिक आरोग्य संघटनेची ही मोहीम चालवणारे डी. ए. हेंडरसन १९७७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या शाळेचे डीन झाले. आपल्याकडे किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? बायपास करणाऱ्या सर्जनचं नाव मात्र अख्ख्या गल्लीला पाठ असतं.

म्हणून मला हा हूडचा सोहळा महत्त्वाचा वाटतो. ज्या कामाचं यश कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, त्या कामातल्या माणसाला एकदा तरी चारचौघांत उभं करून मान दिला जातो.

हूड म्हणजे मुळात टोपडं. मध्ययुगीन युरोपातल्या थंडगार दगडी इमारतींत शिकणारे, शिकवणारे लोक धर्मसंस्थेतले, अंगात झगा आणि डोक्यावरून ओढायला कापड. पुढे डोकं झाकायचं काम संपलं आणि कापड पाठीवर लोंबत राहिलं. अमेरिकेने १८९५ मध्ये याचे नियम बसवले, पार इंचापर्यंत. पदव्युत्तर पदवीचा हूड साडेतीन फूट लांब, त्याला तीन इंच मखमल. डॉक्टरेटचा चार फूट, पाच इंच मखमल. आतलं अस्तर विद्यापीठाच्या रंगाचं, कडेची मखमल विषयाच्या रंगाची. वैद्यकाला हिरवी, कायद्याला जांभळी. सार्वजनिक आरोग्याचा रंग सामन माशाच्या मांसाचा, नारिंगीकडे झुकणारा गुलाबी. आपल्या भाषेत सांगायचं तर शिजलेल्या कोलंबीचा. सभागृह भरून तो रंग दिसला की बरं वाटतं. वैद्यकाच्या हिरव्या मखमलीपासून हे शास्त्र स्वतःच्या पायांवर वेगळं उभं आहे, हे त्या रंगातून दिसतं.

काळ्या झग्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. २०१० मध्ये भोपाळच्या एका दीक्षांत समारंभात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तो अंगावरून काढला आणि वसाहतीच्या काळातलं हे ओझं कशाला, असा सवाल केला. एप्रिलमधल्या भोपाळात त्यांचं म्हणणं कुणालाही पटावं. पण झगा आणि हूड यांत एक फरक आहे. झगा ज्याचा त्याने चढवायचा असतो. हूड आपला आपण घालायचा नसतो, तो दुसऱ्याने घालायचा, तोही मागे उभं राहून. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शाल दुसऱ्याने पांघरायची असते, ओटी दुसरीने भरायची असते. मान घरातल्या कपाटातून काढून स्वतःच अंगावर घेता येत नाही.

मग प्रश्न उरतो तो त्या हातांचा. रिवाज असा की ज्याने शिकवलं त्याने हूड घालायचा. डॉक्टरेटला मार्गदर्शक घालतो. ठीक. पण सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला शिकवलं कुणी?

हे बाल्टिमोरच्याच उदाहरणावरून बघू. हॉपकिन्सची ही शाळा १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून स्थापन झाली. विल्यम वेल्च पहिले संचालक. वर्ग सुरू झाले ते १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची साथ ऐन भरात असताना. पुढे तिथे आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा राहिला कार्ल टेलर यांच्या हातून. टेलर जन्माने आपल्याच मुलखातले, मसुरीजवळच्या लंढौरचे, मिशनरी डॉक्टर आईवडिलांचे चिरंजीव. त्यांच्या हाताखाली रजनीकांत आणि मेबल आरोळे शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिले. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ मध्ये तिथली एमपीएच केली आणि दोन वर्षांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. एका शाळेतून निघालेली दोन जोडपी, महाराष्ट्रातले दोन कोपरे. कोलंबीच्या रंगाची ही मखमल आपल्याला परकी नाही.

आणि इथे आल्यावर या चौघांनी काय केलं? पुन्हा शिकायला बसले.

जामखेडला आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्सताई गावोगाव ठेवून पाहिल्या. जमलं नाही. गावात त्या परक्या, एकट्या, बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेनात. मग गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. निवडून आलेल्या कितीतरी जणी दलित, कितीतरी निरक्षर. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एका छताखाली जेवायच्या, झोपायच्या. जातीची शिवाशिव तिथेच गळून पडायला लागली, आणि आरोग्याच्या शिक्षणाचा तोच पहिला धडा होता. गावात पाणी कुणाच्या विहिरीवरून येतं, कुणाला तिथे घागर बुडवू देत नाहीत, पोर अशक्त आहे ते औषधाअभावी की घरात ज्वारी संपली म्हणून, हे डॉक्टरांना या बायकांनी दाखवलं. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत बंगांच्या 'आरोग्यदूत' बायकांनी त्याहून धाडसाचं काम केलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळ तोलायचं, जन्मल्यावर रडलं नाही तर पिशवी आणि मास्कने श्वास द्यायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. पाच ते दहा यत्ता शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर शहरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या कपाळावर आठ्या पडल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापून आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आला होता. ते आकडे लिहिणारी लेखणी डॉक्टरांची, पण प्रत्येक आकड्यामागे अंधारात कंदील घेऊन गेलेली एक बाई होती.

घरभेटींची ही पद्धत २०११ मध्ये भारत सरकारने देशभर उचलली. आता हे काम आशाताईंकडे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर घरी सहा भेटी. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. त्या सगळ्या भेटींचा मिळून ठरलेला मोबदला अडीचशे रुपये. एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. आशा म्हणजे कागदोपत्री स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच आशा वाढीव मोबदल्याच्या शासन निर्णयासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या, तेव्हा त्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत. मला याचा राग येतो. तो आवरून लिहावा असंही वाटत नाही.

तिकडच्या मुलांची वाटही आता सोपी राहिलेली नाही. अमेरिकी सरकारने परदेशी मदत बंद केली आणि मार्च २०२५ मध्ये एकट्या हॉपकिन्सला ८० कोटी डॉलरहून अधिक निधीवर पाणी सोडावं लागलं. ४४ देशांतल्या १,९७५ आणि अमेरिकेतल्या २४७ नोकऱ्या गेल्या. १ एप्रिलला तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्यात कपातीची कुऱ्हाड चालली, त्यात रोगनियंत्रण केंद्राची माणसंही गेली. आणि मे महिन्यात नेहमीप्रमाणे हूड घालायचे सोहळे झाले. ज्या हातांनी हूड घातला, त्यांतल्या काहींची स्वतःची नोकरी टांगणीला लागली होती. तरी मुलं ओळीने पुढे आली, वाकली. कर्जाचा हप्ता, व्हिसाची मुदत, घरून येणारा "आता पुढे काय?" हा फोन, हे सगळं खांद्यावर होतंच, त्यावर ती साडेतीन फूट मखमल आली. अशा वर्षी या विषयाला उभं राहणाऱ्या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे.

माझी मागणी छोटी आहे. मंचावर हूड घालायला जे उभे असतात, त्यांच्यात एक आरोग्यसेविका उभी करा. बाल्टिमोरमध्ये करा, त्या शहरात घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आहेत. आपल्याकडे तर कराच. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, कोलकात्याला १९३२ पासूनची आरोग्य संस्था आहे, तीही रॉकफेलरच्याच मदतीची. तिथे हूड नसेल, उपरणं असेल, पट्टा असेल, काहीही असेल. ते घालणाऱ्या हातांत एक हात तिचा असावा. भाषणासाठी नको, पुष्पगुच्छ द्यायला नको आणि मागच्या रांगेत टाळ्या वाजवायलाही नको. विद्यार्थ्याने तिच्यासमोर मान वाकवावी, कारण ती त्याची शिक्षिका आहे. प्रबंधाच्या शेवटी 'क्षेत्रीय कार्यकर्त्यांचे आभार' अशी एक ओळ असते, ती ज्यांची असते त्यांना कधीतरी नावाने हाक मारून वर बोलवा. येण्याजाण्याचं भाडं द्या आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरीही द्या.

मित्राच्या मुलीला हे मी फोनवर म्हटलं. ती म्हणाली, "काका, माझी तर ठरलेली आहे." पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती क्षेत्रकार्यासाठी जव्हारच्या बाजूला दीड महिना होती. तिथल्या एका आशाताईने तिला पाडे दाखवले. कुठल्या घरात आधी पाणी मागून प्यायचं, मग प्रश्न विचारायचे, हे शिकवलं. हिची इंग्रजी प्रश्नावली तिने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावली होती.

जूनमध्ये मुलगी घरी आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी हूड पिशवीत घालून जव्हारला गेली, मीही सोबत होतो. पाऊस सुरू झाला होता. आशाताईंच्या ओसरीवर तिने तो बाहेर काढला, त्यांच्या हातात दिला आणि पाठ करून उभी राहिली. ताईंनी आधी हात पदराला पुसले. मग मखमलीवरून बोट फिरवलं, उलटसुलट करून बघितलं आणि कुठली बाजू वर ते विचारून घेतलं. डोक्यावरून घालताना हूड मुलीच्या वेणीत अडकला, तो सोडवायला वेळ लागला. "मखमल आहे बाई, भिजली तर वाळायची नाही," ताई म्हणाल्या, आणि लगेच काढायला लावून त्यांनी तो स्वतःच घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

चहा झाला. ताईंनी भिंतीवरच्या खिळ्याची पिशवी घेतली, त्यात वजनकाटा होता, वही होती. खालच्या पाड्यावर एका बाळाचा आज एकविसावा दिवस होता. मुलीने छत्री उघडली आणि दोघी निघाल्या.