क्यूसाठीचा क्यू

मामांनी कराडला पिढ्यानपिढ्या इंग्रजी शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, एक तर साखर कारखान्यावर संचालक आहे. या सगळ्यांना मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगतील की स्टेशनरीत शेवटाकडे ए असला तर ‘स्थिर’ आणि ई असला तर ‘वह्या-पेन्सिली’. दहावीला त्यावर हमखास प्रश्न असायचा. मामांच्या वर्गात तर तो रोजच असायचा.

निवृत्तीनंतर शाळेतून मामांनी एकच वस्तू घरी आणली, लाल कापडी पुठ्ठ्याचं एक रजिस्टर. त्यात तीन रकाने: शब्द, अर्थ, समोच्चारी शब्द. उच्चार एक आणि अर्थ भलताच, अशा शब्दांच्या जोड्या त्यांनी त्यात जमवल्या होत्या. वहीत कुठेही देवनागरी अक्षर नाही. त्याचं कारण मला आता हे लिहिताना कळतंय. देवनागरीत लिहिलं की सी म्हणजे समुद्र आणि सी म्हणजे बघ, मीट म्हणजे भेट आणि मीट म्हणजे मटण! त्यामुळे पुढे कुठे मामा एकेक अक्षर सुटं करून बोलू लागले, तर वाचकांनी ते सहन करावं. आम्ही सबंध प्रवासभर केलं.

माझी मामेबहीण लंडनला असते, हॅरोच्या बाजूला. तिने आई-वडिलांना बोलावलं आणि त्यांना सांभाळून आणायला मला जोडून दिलं. मामींना लेक बघायची होती. मामांनी मात्र विमानातच जाहीर केलं, “आजवर हे शब्द पुस्तकात पाहिले. आता ते जिथे राहतात तिथे जाऊन बघणार.”

पहिला शब्द मामींनाच भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जवळच्या सुपरमार्केटात गेल्या आणि तिथल्या पोऱ्याला म्हणाल्या, “फ्लॉवर.” त्याने अदबीने त्यांना पुष्पगुच्छांपाशी नेलं. मामींनी मान हलवली, तोंडाकडे बोट नेलं, “ईटिंग, ईटिंग.” पोऱ्याचा चेहरा उजळला. तो त्यांना पिठांच्या फळीपाशी घेऊन गेला. तिथे एक साधं पीठ, एक स्ट्राँग पीठ आणि एक आपोआप फुगणारं पीठ. मामी त्या फुगणाऱ्या पुड्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिल्या. शेवटी भाजीच्या टोपल्यांत पांढराशुभ्र गड्डा त्यांना स्वतःलाच सापडला आणि त्यांनी तो त्या मुलापुढे धरला. “ओ, कॉली!” तो म्हणाला.

“आपला फ्लॉवर यांना माहीतच नाही,” मामींनी घरी येऊन सांगितलं.

मामा खूश. “फूल आणि पीठ, ही जोडी माझ्याकडे आहे. एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर आणि एफ-एल-ओ-यू-आर. तू त्यात तिसरा घातलास.”

“मी भाजी आणायला गेले होते,” मामी म्हणाल्या.

मग क्यू गार्डन्स. हे नाव मामांनी यादीत सर्वांत वर ठेवलं होतं, कारण क्यू नावाचं उपनगर आहे, क्यू नावाचं अक्षर आहे, नाटकातल्या नटाला मिळतो तो क्यू आहे, बिलियर्ड्सची काठी क्यू आहे आणि माणसं जिच्यात उभी राहतात ती रांगही क्यू. फाटकाशी पाहतो तर खरंच भलीमोठी रांग. मामांनी पुढच्या गृहस्थांच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि आयुष्यभर ज्याची वाट पाहिली होती ते वाक्य म्हटलं, “एक्स्क्यूज मी, इज धिस द क्यू फॉर क्यू?” “इट इज,” एवढं म्हणून ते गृहस्थ पुन्हा पाठमोरे झाले. त्यात काही गंमत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मामा हिरमुसले. मी त्यांची समजूत घातली की कराडच्या एस.टी. स्टँडवर कोणी “ही कराडची गाडी का?” विचारलं तर आपण तरी कुठे हसतो? ही समजूत फारशी बरोबर नव्हती, पण रांग पुढे सरकली.

आत १८४८ साली पूर्ण झालेलं पाम हाऊस आहे. लोखंड आणि काच यांचं अवाढव्य घर. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरते आणि घाम फुटतो. मामींना तिथे प्रथमच बरं वाटलं. त्यांनी स्वेटर काढला, समोर बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, ही तर केळ.” केळच होती. खाली लॅटिन नावाची पाटी. “केळ बघायला तिकीट?” मामी एवढंच म्हणाल्या, पण नंतर त्या केळीपासून हलायला तयार होईनात. सुकलेली पानं वेळच्या वेळी काढत नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

बाथला जाणारी गाडी पॅडिंग्टनहून सुटते. वाटेत रीडिंग लागतं. वाचन या अर्थी आपण जो शब्द लिहितो तोच, अक्षरन् अक्षर तोच, पण उद्घोषणा झाली ‘रेडिंग’. मामी म्हणाल्या, “चुकली वाटतं बाई ती.” मामांनी चष्मा वर केला. “चुकली नाही. वाचतो तेव्हा रीड, वाचून झालं की रेड. या गावाचं नाव भूतकाळात आहे.” समोरच्या सीटवरच्या बाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं. त्या नक्की काय करत होत्या, रीड की रेड, हे ठरायच्या आत मामांचा तास सुरू झाला.

हा तास मी मन लावून ऐकला, कारण तो खरंच चांगला होता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि शब्दांना छापील रूप येऊ लागलं. पंचाईत अशी की नेमक्या त्याच सुमाराला इंग्रजांचे स्वर जागा बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर तोंडात वरवर सरकत गेले. भेटीतला मीट आणि मटणातला मीट पूर्वी कानाला वेगळे लागत, ते पुढे एक झाले. नाइट म्हणजे सरदार, यातला के एके काळी स्वच्छ ऐकू यायचा, मग तो गप्प झाला आणि सरदाराची रात्र झाली. स्पेलिंग मात्र जागेवरून हललं नाही. “भाडेकरू बदलले,” मामा म्हणाले, “दारावरच्या पाट्या जुन्याच.”

“आपल्यात असलं काही नाही,” मामी म्हणाल्या.

“नाही कसं? दिन आणि दीन, सुत आणि सूत. ऱ्हस्व-दीर्घ नीट कोण म्हणतं? आणि ‘जरा’ घे. जरा थांब मधला जरा आणि म्हातारपण या अर्थी जरा. अक्षरं तीच, ज वेगळा.”

“जरा थांबा,” मामी म्हणाल्या आणि डबा उघडला.

बाथ हे गाव न्हाण्यावरूनच नाव पडलेलं. रोमन लोकांनी बांधलेली स्नानगृहं तिथे आहेत, झऱ्याचं पाणी ४६ अंशांचं आणि रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर वर येतं. मामींनी पंचा घेतला होता. दगडी खांबांच्या मधे हिरवट पाणी, त्यावर वाफ, काठावर मंडळी फोटो काढतायत आणि पाण्यात कोणी नाही. १९७८ सालापासून या कुंडात उतरायला बंदी आहे, पाण्यातल्या जंतूमुळे एक मुलगी दगावली तेव्हापासून. ज्यांना न्हायचंच आहे त्यांच्यासाठी जवळ नवीन स्पा आहे, त्याचे दर वाचून मामांनी पाटीकडे पाठ केली. बाहेर पडताना तेच पाणी शुद्ध करून प्यायला मिळतं. मामींनी एक घोट घेतला. “वज्रेश्वरी बरी,” त्या म्हणाल्या. “तिथे पाणी गरम असतं आणि अंघोळही होते.”

आम्ही उतरलो होतो ते घरगुती पद्धतीचं छोटं निवासगृह, एका प्रेमळ बाईंचं. सकाळी नाश्त्याला मामांनी म्हटलं, “पेपर, प्लीज.” बाईंनी लगबगीने मिरीची लाकडी गिरणी आणून ठेवली. मामा म्हणाले, “नो, नो. पेपर.” बाई आत गेल्या आणि पांढऱ्या मिऱ्यांची पूड घेऊन आल्या. मामांनी आवाज चढवला, वर्गात शेवटच्या बाकासाठी चढवतात तसा, “पे-प-र!” बाईंनी काळजीने मामांच्या ताटातल्या अंड्याकडे पाहिलं. त्यावर आधीच भरपूर मिरी होती. शेवटी मामांनी दोन्ही हात पसरून वर्तमानपत्र उलगडल्याचा अभिनय केला. “ओऽऽ, पेइपर!” बाई म्हणाल्या.

मामा दिवसभर अस्वस्थ होते. मिरे आणि कागद ही जोडी कोणत्याही गाइडात नाही. ती आपण तयार केली, कराडमध्ये. मग मामांनी रजिस्टरला शेवटून सुरुवात केली आणि आमच्या खास जोड्या लिहायला घेतल्या. पश्चिम आणि बनियन, कारण दोन्ही आमच्या तोंडी वेस्ट. वेल्स नावाचा देश, देवमासे आणि पडदानशीन बायकांचे बुरखे, तिन्ही वेल्स. खाऊ आणि साप, याला तर पुणे-सातारा रस्त्यावर रंगवलेल्या पाट्यांचाही पुरावा आहे. संध्याकाळपर्यंत शेवटाकडचा भाग पुढच्या भागाशी स्पर्धा करू लागला.

त्याच बाईंकडे आणखी एक प्रकार घडला. जिन्यापाशी त्यांनी सूचना लावली होती: लवकर निघणार असाल तर किल्ली पेटीत टाका. त्यात ‘तुम्ही आहात’ऐवजी ‘तुमचं’ पडलं होतं, म्हणजे वाय-ओ-यू-आर. मधला अपॉस्ट्रॉफी नाही, शेवटचा ई नाही. मामांनी खिशातून लाल पेन काढलं. “मामा, घर दुसऱ्याचं आहे,” मी म्हटलं. “भाषाही त्यांचीच आहे,” असं म्हणून त्यांनी दुरुस्ती केली आणि खाली बारीक सही ठोकली, जशी वहीवर ठोकायचे. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “तुम्ही शिक्षक होतात का?” मामा फुलले. मग बाईंनी मोकळेपणाने सांगितलं की हे दोन शब्द त्यांना शाळेपासून कधीच जमले नाहीत, त्यांच्या लेकीलाही नाहीत. “पण बोलताना कुठे कळतं?” त्या म्हणाल्या.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. त्या बाई इंग्रजी कानाने शिकल्या, स्पेलिंग नंतर चिकटलं, काही ठिकाणी चिकटलंच नाही. आम्ही ती डोळ्यांनी शिकलो, फळ्यावरून. म्हणून त्या लिहिताना अडखळतात आणि आम्ही न्याहारीला. ही मंडळी तर या गोंधळावर धंदा करतात. केस कापायच्या दुकानांना ‘कर्ल अप अँड डाय’ असं नाव देतात. म्हणजे केस कुरळे करा आणि रंगवा. कानाने ऐकलंत तर अंग मुडपून मरा. मामी म्हणाल्या, अशा दुकानात त्या पाऊल टाकणार नाहीत.

त्या रात्री जेवण मासे आणि चिप्सचं. फळ्यावर कॉड, हॅडक, प्लेस (पी-एल-ए-आय-सी-ई, मामांची आवडती जोडी) आणि सर्वांत खाली लेमन सोल. मामींचं माहेर मालवणकडचं. त्यांनी मला कोपरखळी मारली, “लिंबू आणि सोलं एकत्र? कढी नासेल.” मामांनी समजावलं की सोल म्हणजे मासा, शिवाय बुटाचा तळवा, शिवाय एस-ओ-यू-एल केलं की आत्मा. गंमत म्हणजे लेमन सोल हा खरा सोल नव्हेच, आणि लिंबाशीही त्याचा संबंध नाही. फ्रेंचांच्या एका माशाच्या नावाचा तो अपभ्रंश. मामींनी मासा उलटा करून पाहिला, चव घेतली आणि निकाल दिला, “मीठ कमी आहे.”

लंडनला परतल्यावर मामांचं तीर्थक्षेत्र राहिलं होतं. फ्लीट स्ट्रीटच्या मागे बोळ ओलांडून गेलं की गॉफ स्क्वेअर लागतो. तिथल्या १७ नंबरच्या घरात सॅम्युएल जॉन्सनने इंग्रजीचा मोठा कोश केला. तीन वर्षांत देतो म्हणाला, लागली नऊ. १७५५ साली कोश निघाला. मजकूर उतरून घ्यायला सहा मदतनीस होते, त्यांतले पाच स्कॉटिश. चौकात त्याच्या हॉज नावाच्या मांजराचा पुतळा आहे, पायाशी कालवांचे शिंपले. जॉन्सन त्याच्यासाठी स्वतः कालवं आणायला जायचा. मामींनी मांजराच्या डोक्यावरून हात फिरवला. “माणूस चांगला असणार,” त्या म्हणाल्या.

माळ्यावर कोश चाळायला ठेवला होता, जुन्या छपाईची प्रतिकृती. मामांनी हात पुसून पान उलटलं. एफ काढला. फूल सापडलं. मग पीठ शोधलं. पुढे गेले, मागे आले. पिठाची वेगळी नोंदच नव्हती. फुलाच्याच नोंदीत, फुलाच्याच स्पेलिंगमध्ये, खाली धान्याचं पीठ दिलेलं. गव्हाचं फूल म्हणजे त्याचा उत्तम, चाळून घेतलेला भाग. मुळात शब्द एकच होता, स्पेलिंगची वाटणी नंतर कायम झाली. म्हणजे कराडला मामांनी ज्या चुकीसाठी मुलांना बाकावर उभं केलं, ती चूक जॉन्सनच्या कोशात सुखाने नांदत होती.

मामा काही बोलले नाहीत. मामी बोलल्या. “त्या पोऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आधी फुलं दाखवली, मग पीठ. क्रमाने गेला बिचारा.”

बाहेर आल्यावर जवळच एक प्रसिद्ध जुना पब लागतो, १६६६ च्या आगीनंतर १६६७ मध्ये पुन्हा बांधलेला. त्याच्या पाटीवर ‘यी ओल्ड’ असं काहीसं दिसतं. मामांना आता कोणत्याच अक्षराचा भरवसा नव्हता, पण हे त्यांना पाठ होतं: तो य नव्हे. जुन्या इंग्रजीत आपल्या थ-दसारख्या आवाजाला वेगळं अक्षर होतं, छापखान्यात त्याचा खिळा नसला की वाय लावायचे. वाचायचं ‘द’च. “हा इंग्रजांचा ध चा मा,” मामा म्हणाले. “आपल्याकडे त्यात पेशवा गेला. यांनी दारूचं दुकान काढलं.”

तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पुढच्या गल्लीत एका साध्या खानावळीत बसलो. वेट्रेस आली. मामींना तहान लागली होती. “वॉटर,” त्यांनी सांगितलं.

“स्टिल ऑर स्पार्कलिंग?”

मामींना फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी भांड्याचं विचारलं होतं. “स्टील, स्टील,” त्या हसून म्हणाल्या. “काचेचं मला सुधरत नाही.”

पाणी आलं, काचेच्या पेल्यात. मामींनी पेला बोटाने टणकन वाजवला आणि तिच्याकडे पाहिलं. “स्टील सांगितलं होतं.”

“येस, मॅडम,” ती मुलगी म्हणाली. “स्टिल.”

मामांनी वही उघडली.